चित्रांची पुस्तकं आणि टीनएजर मुलांच्या कादंबऱ्या: अलीकडे काय वाचलं, काय भावलं

मासुंदा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज बसून लिहितेच. माझी भाची नववीत आहे, कोपरखैरण्याला राहते, मी नौपाड्यात. आमच्या दोघींची पुस्तकांची अदलाबदल सतत चालू असते. तिच्यामुळे मी गेल्या काही काळात ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या गोष्टी, आणि तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या सपाटून वाचल्या, आणि खरं सांगते, मोठ्यांच्या कितीतरी पुस्तकांपेक्षा यांनी मला जास्त काहीतरी दिलं.

सगळ्यात आधी 'द मॅजिक फिश' बद्दल, कारण ते डोक्यातून जातच नाहीये. ट्रुंग ले न्गुयेन यांचं, २०२० चं. व्हिएतनामहून अमेरिकेत आलेलं कुटुंब, आई शिवणकाम करते, मुलगा लायब्ररीतून परीकथांची पुस्तकं आणून आईला वाचून दाखवतो, तेवढंच तिचं इंग्रजी सुधारतं. मुलाला आपण गे आहोत हे घरी सांगायचंय आणि आई-वडिलांशी ते बोलायचं कसं हेच त्याला सुचत नाही. आता यात चित्रकाराने काय केलंय बघा. आजचा काळ लालसर रंगात, आईच्या आठवणी पिवळ्या रंगात आणि परीकथा निळ्या रंगात. बस. कुठेही 'दहा वर्षांपूर्वी' अशी पाटी लागत नाही. पण मधेच लाल पानावर एकच पिवळी चौकट येते आणि आपल्याला कळतं की आई समोर बसलीये खरी पण मनाने दुसऱ्या देशात पोचलीये. मी त्या एका चौकटीपाशी किती वेळ थांबले होते. शेवटी आई स्वतः एक गोष्ट सांगते, त्यात काय होतं ते इथे लिहीत नाही, वाचाच.

दुसरं 'लाँग वे डाउन', जेसन रेनॉल्ड्स. २०१७ ची मूळ कादंबरी मुक्तछंदात आहे, २०२० मधे डॅनिका नोव्हगोरोडॉफ यांनी ती जलरंगात केली. पंधरा वर्षांचा विल, मोठ्या भावाला कुणीतरी गोळी घातलीये, हा भावाचं पिस्तूल कमरेला खोचून बदला घ्यायला निघालाय. सातव्या मजल्यावरून लिफ्टने खाली जायचं, जेमतेम एक मिनिट. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबते आणि आत कोणीतरी येतं, जे आता जिवंत नाही. जवळजवळ सगळं पुस्तक त्या लिफ्टमधेच घडतं! घोडबंदर रोडच्या टॉवरमधे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको की लिफ्टमधे अनोळखी माणसाशेजारी उभं राहणं काय असतं, नजर कुठे ठेवायची कळत नाही, आकडे बघत राहतो आपण. इथेही आकडे खाली खाली येत राहतात आणि प्रत्येक आकड्याला पोटात गोळा येतो. त्या वस्तीतले नियम तीनच, रडायचं नाही, कोणाचं नाव सांगायचं नाही, बदला घ्यायचा. लेखक एकदाही म्हणत नाही की हे नियम चुकीचे आहेत. लिफ्टमधे येणारी माणसंच आपापली गोष्ट सांगतात आणि पोरगा ऐकत राहतो. पुढे काय करायचं ते त्याच्यावर सोडलंय, आपल्यावरही.

आणि 'ऑल माय रेज', सबा ताहिर. ही साधी कादंबरी, चित्रं नाहीत. अमेरिकेच्या वाळवंटी गावात मोटेल चालवणारं पाकिस्तानी कुटुंब, आई किडनीने आजारी, वडील दारूत बुडालेले, मुलगा बिलं भरायला धडपडतोय. त्याची मैत्रीण नूर काकाकडे राहते, काकाला ती कॉलेजला जायला नको, दुकानात बसायला हवीये, ती चोरून फॉर्म भरते. २०२२ चं नॅशनल बुक अवॉर्ड हिला मिळालंय. मला भिडली ती आई, मिस्बाह. मधेमधे तिची लाहोरपासूनची कहाणी येते, आणि पोरांच्या कादंबरीत आईलाही स्वतःचा आवाज दिलाय याचं मला फार अप्रूप वाटलं.

'फीडिंग घोस्ट्स' बद्दल थोडक्यात, कारण ती मुलांसाठी नाहीये. टेसा हल्स यांचं आत्मकथन, आजी शांघायमधे पत्रकार, क्रांतीनंतर हाँगकाँगला पळून आली, आठवणी लिहिल्या आणि मग मनाने खचली ती कायमची. आई आणि नात तेच ओझं पुढे वाहतायत. सगळी पानं काळ्या शाईने गच्च भरलेली. २०२५ चं आत्मकथनाचं पुलित्झर मिळालं. दमवतं हे पुस्तक, सलग वाचू नका.

तर मला सांगायचंय ते हे. या पुस्तकांत पोरांना उपदेश नाहीये. मरण, दारू, गरिबी, लाज, सगळं त्यांच्यासमोर ठेवलंय आणि 'तुला कळेल' असा विश्वास दाखवलाय. आपल्याकडे हा विश्वास कितीजणांनी दाखवला? मिलिंद बोकिलांची 'शाळा' आहे, प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे, दोन्ही मला जिवापाड आवडतात, पण त्यानंतर मी भाचीच्या हातात मराठीत काय देऊ हा प्रश्न मला रोज पडतो. जवळच्या एका लायब्ररीत ग्राफिक नॉव्हेल विचारलं तर मला थेट बालविभागाच्या कपाटापाशी नेलं, पुस्तकात चित्रं आहेत एवढ्यावरून. याचं मला फार वाईट वाटलं.

तुम्ही काय वाचताय, तुमची मुलं काय वाचतायत, लिहा.

खारफुटी
मस्त धागा ताई! मॅजिक फिश यादीत टाकलं. ते रंगांचं वाचून अंगावर काटा आला.

जुना_वाचक
लेख मनापासून लिहिलाय त्यामुळे मीही मनापासून विरोध नोंदवतो. माझं वय सत्तरीच्या आसपास, ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचा जुना सभासद, १८९३ ची संस्था आहे ती, तिथल्या पुस्तकांवरच आम्ही वाढलो. मासुंदाताई, लंपनचं नाव तुम्हीच घेतलंत. 'वनवास' वाचताना लंपनचं घर, ती सुमी, ते रस्ते, हे मी माझ्या मनात बांधले. तुम्ही बांधलेलं घर वेगळं असेल. उद्या कोणी त्याची चित्रं काढून दिली की सगळ्यांच्या डोक्यात एकच सुमी बसेल. मुलांकडे आधीच स्क्रीन आहे, रील आहे, सगळं आयतं दिसतंय. निदान पुस्तकाने तरी त्यांना बघण्याचे कष्ट करायला लावावेत. चित्र दिलं की ते कष्ट संपले. गोष्टी चांगल्या असतील, माझं त्याबद्दल म्हणणं नाही.

मासुंदा
काका, तुमचा मुद्दा मला समजतो आणि लंपनची चित्रं काढा असं मी कधीच म्हणणार नाही. पण चित्र आलं की कष्ट संपतात हे मला पटत नाही. स्कॉट मॅकक्लाउड म्हणून एक आहेत, त्यांनी १९९३ मधे कॉमिक्स कसं वाचतात यावर कॉमिक्समधेच एक पुस्तक केलं, 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'. त्यात त्यांनी दाखवलंय, एका चौकटीत माणूस कुऱ्हाड उगारून दुसऱ्याच्या अंगावर धावतोय, पुढच्या चौकटीत फक्त रात्रीचं शहर आणि एक किंकाळी. वार कुठे झाला, कसा झाला, कोणी पाहिलं? कागदावर तो नाहीच. तो वाचणाऱ्याने दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत केला. म्हणजे तुम्ही घर बांधलंत तसंच इथेही वाचक बांधतो, फक्त जागा वेगळी. माझ्या भाचीला सुरुवातीला भरभर पानं उलटायची सवय होती, संवादाचे फुगे वाचायचे आणि पुढे. मग एकदा मी तिला विचारलं, या पानावर कोणीच बोलत नाहीये तर काय झालं इथे? ती परत मागे गेली आणि पाच मिनिटं त्या एका पानावर बोलत होती, आईचा हात कुठे आहे, दार अर्धवट का उघडंय, बाहेर उजेड आहे की अंधार. हे वाचनच आहे काका.

जुना_वाचक
हे कुऱ्हाडीचं उदाहरण चांगलं आहे. विचार करतो. तरी रील पाहणाऱ्या मुलाला कोणी आत्या-मावशी शेजारी बसून असं विचारणारी नसेल तर तो फुगे वाचून पुढेच जाणार, ही माझी भीती राहतेच.

सेक्टर१७
मी अकरावीत आहे, वाशीला राहतो. आजोबा मला कोणी शेजारी बसून विचारत नाही पण मी थांबतो चित्रांपाशी 🙂 आम्ही मित्र जास्त करून मांगाच वाचतो, म्हणजे जपानी कॉमिक्स, उजवीकडून डावीकडे. त्यातलं 'अ सायलेंट व्हॉइस' कोणी वाचलं नसेल तर प्लीज वाचा, योशितोकी ओइमाचं आहे, फक्त ७ भाग. शाळेत एक बहिरी मुलगी येते, शोको, आणि शोया नावाचा पोरगा तिला इतका त्रास देतो की तिची कानाची मशिन काढून फेकतो. मग सगळं उलटतं आणि वर्ग त्यालाच वाळीत टाकतो आणि पुढे मोठा झाल्यावर तो कोणाच्याच तोंडाकडे बघू शकत नाही. हे दाखवलंय कसं तर त्याला दिसणाऱ्या सगळ्या माणसांच्या चेहऱ्यावर मोठी फुली मारलेली असते. वर्गात बसलाय आणि सगळीकडे फुल्या फुल्या. मग एक मित्र होतो आणि त्याच्या चेहऱ्यावरची फुली गळून खाली पडते. एवढंच. मला आठवीत नवीन शाळेत असंच व्हायचं, मी कँटीनमधे कोणाकडे बघायचोच नाही, आणि मला ते कोणाला सांगता आलं नव्हतं, ते पान मी आईला दाखवलं की हे असं होतंय. ती समजली. शब्दात सांगितलं असतं तर मला नाही वाटत मला जमलं असतं.

मासुंदा
सेक्टर१७, तू हे इथे लिहिलंस त्याबद्दल खरंच थँक्यू रे. मी हे वाचलं नव्हतं, आता लगेच मिळवते.

जुना_वाचक
बाळा, तुझं वाचलं. आईला पान दाखवलंस ते फार चांगलं केलंस. मला या पुस्तकाचा पहिला भाग कुठे मिळेल ते सांग, मी वाचतो.

सेक्टर१७
आजोबा मी देतो ना, माझ्याकडे पूर्ण सेट आहे. वाशीहून ट्रान्सहार्बर पकडून ठाण्याला येतोच मी क्लासला.

ऐरोलीकर
सगळे परदेशी पुस्तकांवर बोलतायत, मला घरचं आठवलं. 'भीमायन' कोणीच कसं काढलं नाही? २०११ मधे नवायन प्रकाशनाने काढलंय, श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं लिखाण आणि दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची चित्रं. बाबासाहेबांचे स्वतःचे अनुभव आहेत, लहानपणी वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेला भीम आणि त्याची भावंडं मसूर स्टेशनवर, जात कळल्यावर बैलगाडीवाला न्यायला तयार नाही, वाटेत पाणी कोणी देत नाही. पुढे बडोद्याला पारशी धर्मशाळेतून काढलेलं. हे प्रसंग आमच्या घरात तोंडपाठ आहेत, मी आजीकडून ऐकलेत, पण या पुस्तकात बघताना हादरलो.

कारण चौकटीच नाहीत! व्याम यांचं म्हणणं असं की माणसांना खोक्यात कोंबायचं नाही, त्यांचा श्वास कोंडतो. त्यामुळे गोंडांच्या घराच्या भिंतीवर काढतात तशी वळणावळणाची दिग्ना नक्षी पानभर पसरते आणि तीच प्रसंग वेगळे करते. आणि फुगे बघा. साध्या सरळ माणसाचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, आणि विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा. माझा मुलगा पाचवीत होता तेव्हा त्याने अक्षरं वाचायच्या आधीच नांगी बघितली आणि म्हणाला, पप्पा हा माणूस वाईट बोलतोय. एका चित्राने जे कळलं ते मी त्याला कितीदा समजावून सांगायचा प्रयत्न केला होता.

तसंच 'अ गार्डनर इन द वेस्टलँड', श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान, महात्मा फुल्यांच्या १८७३ च्या 'गुलामगिरी'वरून, काळं-पांढरं, आजच्या काळातून जोतीराव-सावित्रीबाईंशी बोलल्यासारखं केलंय. जुना वाचक काका, आयतं दिसतं म्हणालात ना, भीमायन आयतं नाही, त्यात नजर वाट शोधत जाते.

माझी खंत एवढीच की फुले आमचे, आंबेडकर आमचे, मसूर आमचं, आणि ही दोन्ही पुस्तकं मी वाचली ती इंग्रजीत.

खारफुटी
+१ ऐरोलीकर. ओरिजित सेनचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' पण नर्मदेच्या आंदोलनावर, १९९४ चं आणि भारतातल्या पहिल्या ग्राफिक नॉव्हेलमधलं एक. बरीच वर्षं मिळत नव्हतं, २०२२ मधे ब्लाफ्ट प्रकाशनाने परत काढलं.

शाई_आणि_बोरू
मी चित्रकार आहे, बेलापूरला राहतो, मराठीत का होत नाही यावर थोडं सांगू शकतो. दोनशे पानांच्या कादंबरीला आधी संहिता, मग प्रत्येक पानाचा छोटा कच्चा आराखडा, मग पेन्सिल, शाई, रंग, अक्षरं. मन लावून केलं तर एका पानात अख्खा दिवस सहज जातो, कधी दोन. लेखक नोकरी सांभाळून रात्री कादंबरी लिहू शकतो, चित्रकाराला तसं करायचं तर आयुष्य जातं. त्यात मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान आणि रंगीत छपाई महाग, प्रकाशकाचं गणित बसत नाही, मी त्यांना दोष देणार नाही.

दुसरी अडचण कोणी बोलत नाही ती अक्षरांची. इंग्रजी कॉमिक्स बहुतेक सगळी कॅपिटल अक्षरात असतात, सगळ्या ओळी एका उंचीच्या, एकावर एक घट्ट बसतात. देवनागरीत वर वेलांट्या, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि पायमोडकी जोडाक्षरं. 'तुम्हांला किती कळलं' एवढं जरी दोन ओळीत लिहिलं तरी वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला धडकतो. म्हणून ओळींत अंतर जास्त लागतं, फुगा फुगतो आणि चित्राची जागा खातो. इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद करून त्याच फुग्यात मराठी ओततात तेव्हा अक्षरं मुंगीएवढी होतात, पोरं कंटाळतात आणि आपण म्हणतो मुलांना मराठी वाचायला आवडत नाही. फुगा आधी मराठीसाठी काढायला हवा, चित्र नंतर. चारुहास पंडितांचा 'चिंटू' बघा, १९९१ पासूनचा, तीन-चार चौकटी आणि मोजकं बोलणं, अक्षराला श्वास घ्यायला जागा आहे. म्हणूनच तो वाचला गेला.

मासुंदा
बोरूदादा, हे मला अजिबात माहीत नव्हतं आणि आता घरातली अनुवादित कॉमिक्स काढून बघितली तर अगदी तसंच आहे! उकार कापलेत काही ठिकाणी.

नेरूळची_आई
मी इथे नवीन आहे. मुलगा सातवीत, मुलगी नववीत. वाचून खूप उत्साह वाटला पण भीतीही वाटते. दारू, पिस्तूल, गे असणं, एवढं सगळं या वयात द्यावं का? आमच्याकडे अजून या गोष्टींवर घरात बोलणं होत नाही. आणि किंमतीही बघितल्या, एकेक पुस्तक सात-आठशेच्या घरात.

मासुंदा
ताई, भीती वाटणं साहजिक आहे. मी भाचीला 'ऑल माय रेज' द्यायच्या आधी तिच्या आईला म्हणजे माझ्या बहिणीला सांगितलं की यात वडिलांची दारू आहे, नशेच्या गोळ्या आहेत, घरातली मारहाण आहे. तिने आधी स्वतः वाचली आणि मग दिली. त्यानंतर त्या दोघी मिस्बाहबद्दल जे बोलल्या ते एरवी कधी बोलल्या नसत्या. मला वाटतं मुलांना या गोष्टी माहीत असतातच, सोसायटीत, शाळेत, फोनवर, सगळीकडे. पुस्तकात निदान कोणीतरी जबाबदारीने सांगितलेलं असतं.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. आर्ट स्पीगेलमनचं 'माउस', ज्याला १९९२ मधे पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला, ज्यात ज्यू लोक उंदीर आणि नाझी मांजरं म्हणून काढलेत, ते जानेवारी २०२२ मधे टेनेसीतल्या मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळाने आठवीच्या अभ्यासातून काढून टाकलं. कारण काय तर काही शिव्या आणि एक नग्न चित्र. छळछावणीची गोष्ट आहे ती. ती मुलांपासून लपवून काय मिळणार?

ऐरोलीकर
हेच. माझ्या मुलाला मसूर स्टेशन कळलं पाचवीत. त्याच्या आजोबांना तर ते सोसून कळलं होतं, त्यांना कोणी वय विचारलं नव्हतं.

जुना_वाचक
नेरूळच्या आईंना एक सुचवतो. कुठलंही पुस्तक असो, आधी आपण वाचावं. माझ्या मुलांच्या वेळी मी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही आधी स्वतः वाचायचो, आवडायचा म्हणूनही. आणि ऐरोलीकर, भीमायनबद्दल लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. चौकटी नाहीत हे बघायचंय मला.

नेरूळची_आई
धन्यवाद सगळ्यांना. मग सुरुवात कशाने करू? मुलाची यंदाच शाळा बदललीये, थोडा गप्प गप्प असतो.

मासुंदा
त्याच्यासाठी तर 'न्यू किड' आणा, जेरी क्राफ्ट. २०२० मधे न्यूबेरी मेडल, म्हणजे अमेरिकेतला मुलांच्या पुस्तकांचा मोठा पुरस्कार, मिळवणारं ते पहिलं ग्राफिक नॉव्हेल. सातवीतलाच मुलगा आहे, जॉर्डन, त्याला चित्रकलेच्या शाळेत जायचं असतं आणि आई-वडील त्याला बड्या खासगी शाळेत घालतात, जिथे त्याच्यासारखी कृष्णवर्णीय मुलं मोजकीच. शिक्षक एका मुलाला दुसऱ्याच्याच नावाने हाक मारत राहतात. तो सगळं वहीत चित्रांतून काढतो, त्या वहीची पानं मधेमधे येतात, ती सगळ्यात छान आहेत. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तुम्ही एका संध्याकाळी वाचून संपवाल. मुलीला 'मॅजिक फिश', पण आधी तुम्ही वाचा. विकत घेऊ नका एवढ्यात, माझ्याकडे दोन्ही आहेत. मी महिन्यातून एकदोनदा कोपरखैरण्याला येते, तिथून नेरूळ काय लांब नाही, मेसेज करा.

शाई_आणि_बोरू
मुलगा गप्प असेल तर पुस्तकासोबत एक कोरी वही आणि काळं जेल पेन पण द्या ताई. काढ म्हणून सांगू नका, नुसतं टेबलावर ठेवा.

सेक्टर१७
+१ वहीला. आणि सायलेंट व्हॉइस पण द्या त्याला, आठवीत गेल्यावर. जुना वाचक आजोबांचं वाचून झालं की सेट तुमच्याकडे पाठवतो.